बंदिस्त सापांसाठी तळथराची निवड : गुणधर्म, पुरावा आणि नावांचा घोटाळा

१. विषयाची व्याप्ती

बिनविषारी साप घरी पाळण्याचा छंद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व ब्रिटनमध्ये चांगलाच रुजलेला आहे. कॉर्न स्नेक, किंग स्नेक, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन, पूर्व आफ्रिकेतील सँड बोआ या जातींची तेथे पिंजऱ्यातच पैदास होते आणि त्यांच्या निगेसंबंधीचे वाङ्मयही विपुल आहे. भारतात परिस्थिती निराळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार येथील रानातले साप पकडून घरी पाळता येत नाहीत. तथापि सर्पोद्याने, प्राणिसंग्रहालये आणि सर्पविषाचे संकलन करणाऱ्या संस्था यांना बंदिस्त सापांची निगा राखावीच लागते. त्यासाठी लागणारे मार्गदर्शन बहुशः इंग्रजीत असते, व ते मराठीत आणताना काही शब्द वाट चुकतात. म्हणून या विषयाला प्राणिशास्त्राची एक बाजू आहे, तशीच शब्दार्थाचीही एक बाजू आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी. सापाच्या पेटीत तळाशी जे काही पसरले जाते त्याला इंग्रजी व्यवहारात दोन शब्द आहेत. 'बेडिंग' हा शब्द घोड्याच्या तबेल्यातही वापरला जातो. त्यात मऊपणाची व निजण्याची कल्पना गृहीत आहे. 'सब्स्ट्रेट' हा शब्द जीवशास्त्रातला. प्राणी ज्या पृष्ठावर किंवा ज्या द्रव्यात वावरतो ते, एवढाच त्याचा अर्थ. भाषाभ्यासकांच्या परिचयाची 'सब्स्ट्रॅटम' ही संज्ञा याच शब्दकुळातली आहे. मराठीत कुक्कुटपालनाच्या संदर्भात 'गादी' हा शब्द रूढ आहे आणि कोंबड्यांपुरता तो योग्यही आहे. साप मात्र या थरावर नुसता निजत नाही. तो त्यात शिरतो, त्यावरून सरपटतो, जिभेने त्याचा वास घेतो, त्यातील ओलाव्यावर कात टाकतो आणि कधी भक्ष्याबरोबर त्याचा काही भाग गिळतो. 'अंथरूण' किंवा 'गादी' म्हटल्याने यातले फारच थोडे सूचित होते. म्हणून येथे 'तळथर' हा साधा सामासिक शब्द योजिला आहे.

२. तळथराला एवढे महत्त्व का

रानातल्या सापाला जागा बदलता येते. बीळ फार ओले झाले तर तो कोरड्या कपारीत जातो. कात टाकण्याच्या सुमारास ओलसर जागा शोधतो. एखाद्या जागी उग्र वास असेल तर तेथून निघून जातो. पेटीतल्या सापाला हा पर्याय नसतो. त्याच्यासाठी जमीन दुसऱ्याने निवडलेली असते आणि ती चुकीची निघाली तरी त्याला अहोरात्र तीवरच राहावे लागते. शिवाय साप ओरडत नाही, अस्वस्थता सहज दाखवीत नाही. त्यामुळे चूक ध्यानात येईपर्यंत पुष्कळदा रोग जडलेला असतो.

सापाची शरीररचनाही या बाबतीत विचारात घ्यावयास हवी. त्याचे सर्व पोट जमिनीला लागलेले असते. बहुतेक सापांत डावे फुप्फुस अगदी लहान राहिलेले किंवा नाहीसे झालेले असते आणि श्वसनाचा भार उजव्यावरच पडतो. अजगरांच्या कुळात मात्र डावे फुप्फुस बऱ्याच अंशी टिकून असते. सस्तन प्राण्यांप्रमाणे सापाला मध्यपटल नसते. फुप्फुसात साचलेला स्राव किंवा गेलेली धूळ जोराने खोकून बाहेर टाकणे त्याला साधत नाही. डोळ्यांना पापण्या नसून त्यांवर एक पारदर्शक खवला असतो. जिभेवर आलेले सूक्ष्म कण टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे नेले जातात व त्यावरून त्याला गंधाचे ज्ञान होते. धूळ, बाष्प आणि उग्र वास यांचा उपद्रव अशा प्राण्याला अधिक व्हावा हे ओघानेच येते.

३. चार कसोट्या

बाजारात मिळणाऱ्या द्रव्यांची यादी लांबलचक आहे. परंतु ती सर्व चार प्रश्नांनी पारखता येतात.

पहिला प्रश्न बाष्पाचा. त्या द्रव्यातून उडून जाणारी तेले किंवा फिनॉलवर्गीय पदार्थ बाहेर पडतात काय? सुगंधी लाकडांचा दोष येथे आहे. अमेरिकेत 'सीडर' या नावाने विकल्या जाणाऱ्या लाकडाची तेले कीटकांना नकोशी वाटतात आणि म्हणूनच लोकरी कपड्यांच्या पेट्या त्या लाकडाच्या करीत. जो गुण पेटीतल्या कपड्यांना उपकारक, तोच बंद पेटीत कोंडलेल्या प्राण्याला अपायकारक ठरू शकतो.

दुसरा प्रश्न धुळीचा. करवतीखाली पडणारा बारीक भुसा, मांजरांसाठी विकली जाणारी शोषक माती, न चाळलेली वाळू यांची धूळ नाकपुड्यांत व तोंडात जाते. शोषक माती तोंडाच्या ओलाव्यालाही शोषून घेते.

तिसरा प्रश्न ओलाव्याचा. याचे उत्तर एकच नसते, ते जातीगणिक बदलते. हवा फार कोरडी असेल तर कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाशी व डोळ्यांवर तिचे अवशेष अडकून राहतात. उलट तळथर सतत भिजलेला असेल तर पोटाकडील खवल्यांवर फोड येतात, पुढे ते सडतात आणि जंतू रक्तात शिरण्याची भीती असते. हवेतली आर्द्रता आणि पोटाखालचा चिखल या दोन भिन्न गोष्टी आहेत. हवा दमट हवी असणाऱ्या सापालाही पोटाखाली चिखल चालत नाही.

चौथा प्रश्न गिळण्याचा. साप भक्ष्य अखंड गिळतो आणि ओल्या भक्ष्याला तळथराचे कण चिकटतात. निरोगी, पुरेशी ऊब व पाणी मिळालेल्या सापाच्या पोटातून असे बारीक कण बहुधा निघून जातात. धोका असतो तो फुगणाऱ्या, टोकदार किंवा एकत्र घट्ट होणाऱ्या द्रव्यांचा. थंड पेटीतल्या किंवा शोष पडलेल्या सापाचे पचन मंदावलेले असल्याने हा धोका आणखी वाढतो. भक्ष्य बशीत किंवा कागदावर देणे हा यावरचा सोपा उपाय होय.

४. द्रव्यांचा विचार

सर्वांत साधे द्रव्य म्हणजे कागद. वर्तमानपत्र, तपकिरी वेष्टनाचा कागद किंवा टिपकागदासारखे शोषक कागदी रुमाल स्वस्त असतात, रोज बदलता येतात आणि गिळले जाण्याची भीती नगण्य असते. नवा साप आणल्यावर त्याला काही आठवडे इतरांपासून अलग ठेवावयाचे असते. त्या काळात कागदाला तोड नाही, कारण पांढऱ्या पृष्ठावर विष्ठेचा रंग, उलटी, रक्ताचा डाग आणि सापांवरील गोचिडीच्या जातीचे बारीक काळसर किडे चटकन दिसतात. ओफिओनिसस नॅट्रिसिस नावाचे हे किडे भुशात किंवा सालींत लपले म्हणजे त्यांचा उच्छेद करणे कठीण होते. कागदाची उणीव अशी, की त्यात सापाला बीळ करता येत नाही आणि तो ओलावा धरून ठेवीत नाही. आजारी व नव्या सापाला तो उत्तम. निरोगी सापाला जन्मभर तोच देणे म्हणजे त्याची बिळात शिरण्याची प्रवृत्ती दडपणे होय.

अ‍ॅस्पेन या वृक्षाच्या लाकडाची रंध्याने काढलेली सालपटे कॉर्न स्नेक व किंग स्नेक यांच्यासाठी फार वापरली जातात. या लाकडात सुगंधी तेले नसल्यासारखीच असतात. थर दोन-तीन इंच जाड असला तर सालपटे एकमेकांत गुंतून त्यांतले भुयार टिकून राहते, आणि घाण झालेला तेवढाच भाग काढून टाकता येतो. ओल मात्र या सालपटांना सोसत नाही. पाण्याचे भांडे कलंडून थर भिजला तर थोड्याच दिवसांत बुरशी धरते. म्हणून दमट हवेच्या सापांसाठी ती योग्य नव्हेत.

दमटपणा हवा असणाऱ्या जातींना नारळाच्या सोडणापासून मिळणारे द्रव्य उपयोगी पडते. काथ्या काढून घेतल्यावर जो तपकिरी चुरा उरतो तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि हळूहळू सोडतो. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवण्याची पद्धत किनारपट्टीत जुनी आहे. तशा चुऱ्यात क्षार उरतात, म्हणून गोड्या पाण्यात धुतलेला चुराच घ्यावयास हवा. अगदी कोरडा झाल्यावर त्याची धूळ उडते, हाही त्याचा एक दोष. बॉल पायथनच्या पेटीत हा चुरा किंवा झाडांच्या सालींचे जाड तुकडे घालतात व त्याचा वरचा थर जवळजवळ कोरडा ठेवतात. शिवाय ओलसर शेवाळ भरलेला एक झाकणाचा डबा आसरा म्हणून देतात. कात टाकण्याच्या वेळी साप आपण होऊन त्यात जातो.

काही द्रव्ये टाळणेच इष्ट. मक्याच्या कणसाच्या दांड्याचे दाणे पोटात ओल शोषून फुगतात आणि भिजल्यावर लवकर बुरसतात. 'कॉर्न स्नेक' या नावातील 'कॉर्न'चा आणि त्यांचा काही संबंध नाही. आक्रोडाच्या कवचांचा भरड चुरा टोकदार असतो. भाताचे तूस आपल्याकडे मुबलक मिळते, परंतु त्यात सिलिकाचे प्रमाण मोठे असते, ते खरखरीत असते आणि धुळीपासून मुक्त नसते. बागेतील मातीत कीटकनाशके व खते असण्याचा संभव असतो. कृत्रिम हिरवळीच्या गालिच्याचे सुटलेले धागे खवल्यांत अडकतात व वेळोवेळी निर्जंतुक न केल्यास त्यात जंतू साठतात. गुळगुळीत फरशी किंवा लिनोलियम धुण्यास सोपे खरे. परंतु सापाचे सरपटणे जमिनीच्या खडबडीतपणावर अवलंबून असते आणि निसरड्या पृष्ठावर त्याला रेटा मिळत नाही. अशा फरशीवर कागद किंवा सालींचा थर घालणे आवश्यक ठरते.

अलीकडे सजीव तळथराचा प्रयोगही पुष्कळ होतो. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर, त्यावर माती, पालापाचोळा व वनस्पती, आणि विष्ठा व बुरशी खाणारे कोलेम्बोला व समपाद वर्गातील सूक्ष्म प्राणी अशी त्याची रचना असते. निचरा व वायुवीजन नीट असेल तर असा थर दीर्घकाळ टिकतो. परंतु मोठ्या सापाची विष्ठा या जिवांना आवरत नाही. ती हाताने काढावीच लागते.

तळथर आणि ऊब यांचा संबंध बहुधा दुर्लक्षिला जातो. पेटीच्या तळाखाली उष्णतेची चटई असेल तर जाड थर ती ऊब अडवून धरतो. वर थंडावा वाटला म्हणजे साप खाली शिरतो आणि थेट तापलेल्या काचेवर जाऊन टेकतो. सापांना अशा भाजण्यापासून वेळीच मागे सरण्याची बुद्धी होतेच असे नाही. म्हणून तापनियंत्रकाचा संवेदक थराच्या वर न ठेवता, सापाचे पोट जेथे टेकू शकेल त्या तळाशी ठेवावा लागतो.

५. नावांचा घोटाळा

आता शब्दांच्या बाजूकडे वळावयाचे. इंग्रजी मार्गदर्शनात 'सीडर टाळा' हा निर्बंध जवळजवळ सर्वत्र आढळतो. कोशात पाहिले तर 'सीडर' म्हणजे 'देवदार'. पण अमेरिकन बाजारातला लाल सीडर हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ज्युनिपेरस व्हर्जिनियाना, पश्चिम किनाऱ्यावरचा लाल सीडर हा थूजा प्लिकाटा आणि हिमालयातला देवदार हा सेड्रस देवदारा. हे तीन वृक्ष तीन भिन्न प्रजातींतले आहेत. थूजा प्लिकाटातील प्लिकॅटिक आम्लामुळे लाकूडकामगारांना दमा होतो हे सिद्ध झालेले आहे. तो निष्कर्ष देवदाराला जसाच्या तसा लावता येत नाही. देवदारही तैलयुक्त असल्याने तो टाळणे शहाणपणाचेच, परंतु त्याचे कारण वेगळे सांगावे लागेल.

गुंता येथेच संपत नाही. बोली मराठीत 'देवदारी खोके', 'देवदाराची फळी' असे म्हणतात तेव्हा पुष्कळदा मालाच्या पेट्यांचे हलके, स्वस्त लाकूड अभिप्रेत असते. ते पाइनचे असेल किंवा आणखी कशाचे. म्हणजे 'देवदार टाळा' हे वाक्य वाचणाऱ्या एका वाचकाच्या डोळ्यांपुढे हिमालयातला वृक्ष येईल आणि दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे वखारीतली खोकी. मूळ वाक्याला यांपैकी काहीच अभिप्रेत नव्हते.

'सायप्रस'ची गोष्ट अशीच. अमेरिकेत सापांसाठी विकला जाणारा सायप्रसचा भरड चुरा हा दक्षिणेकडील दलदलीत वाढणाऱ्या टॅक्सोडियम या वृक्षाचा असतो. तो ओल चांगली धरतो व उपयुक्त मानला जातो. मराठी कोश 'सायप्रस'ला 'सरू' म्हणतात. हा शब्द फारसीतून आलेला असून तो कुप्रेसस या निराळ्या प्रजातीचा वाचक आहे. कोकणच्या वाचकाला त्याच्या जवळचा शब्द ठाऊक असतो तो 'सुरू', आणि तो समुद्रकाठच्या कॅज्युअरिनाचा. अशा रीतीने एका शब्दाच्या भाषांतरात टॅक्सोडियमचा कुप्रेसस होतो आणि उच्चारसाम्याने कुप्रेससचे कॅज्युअरिना होते. सल्ला तोच राहतो आणि वस्तू दोनदा बदलते.

तिसरे उदाहरण 'भुसा' या शब्दाचे. मराठीत गव्हाचा भुसा असतो आणि लाकडाचाही असतो. करवतीखालचा तोही भुसा आणि पुष्कळांच्या बोलण्यात रंध्याखालचा तोही भुसाच. इंग्रजीत मात्र 'सॉडस्ट' आणि 'शेव्हिंग्ज' असे दोन शब्द आहेत, आणि आपल्या विषयात सारा भेद याच ठिकाणी आहे. एकाच अ‍ॅस्पेनच्या ओंडक्यापासून निघालेली सालपटे उपयुक्त आणि पीठ अपायकारक. दोहोंना 'भुसा' म्हणणाऱ्या भाषांतरात सुरक्षित काय आणि असुरक्षित काय हा फरकच पुसला जातो. 'रंध्याची सालपटे' आणि 'करवतीचा भुसा' असे दोन प्रयोग जाणीवपूर्वक वापरले तर हा दोष टळतो.

प्राण्यांची नावेही अशीच फसवतात. 'सँड बोआ' या नावातील वाळू पाहून पेटीत निव्वळ वाळू भरली जाते. महाराष्ट्रातला मांडूळ हा याच एरिक्स प्रजातीतला; त्याचा वावर भुसभुशीत मातीत व नांगरटीच्या रानांतही असतो. या सापांना हवी असते ती अंग बुडवून बसता येईल अशी सैल, कोरडी जमीन. ती वाळूचीच असली पाहिजे असे नाही. 'कॅल्शियम वाळू' या नावाने विकले जाणारे द्रव्य पचनीय असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात चुनखडी पोटातील आम्ल निष्प्रभ करते आणि गिळलेल्या कणांचे घट्ट गोळे होऊ शकतात. आफ्रिकेतून आला एवढ्यावरून बॉल पायथनला रखरखीत पेटी देणे हाही त्याच जातीचा प्रमाद आहे. तो दिवसाचा काळ उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत काढतो आणि बिळातली हवा बाहेरच्या हवेहून दमट असते.

६. पुराव्याची मर्यादा

लाकडाच्या बाष्पासंबंधीचा सर्वांत परिचित पुरावा एलियट व्हेसेल यांचा आहे. त्यांनी १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की लाल सीडर, पांढरा पाइन व पाँडेरोसा पाइन यांच्या तळथरावर ठेवलेल्या उंदरांच्या व घुशीवर्गीय प्राण्यांच्या यकृतातील औषधांचे विघटन करणारी विकरे वाढतात, आणि बीच, बर्च व मेपल यांच्या मिश्रणावर ठेवल्यास ती पुन्हा पूर्ववत होतात. या संशोधनाचा हेतू प्राण्यांची निगा हा नव्हता. औषधप्रयोगांतील विसंगतीचे कारण शोधणे हा होता. सापांविषयीचा निर्बंध त्यावरून अनुमानाने काढलेला आहे. अनुमान बळकट आहे, कारण बाष्पाचा परिणाम एका कोंडलेल्या सस्तन प्राण्यावर होतो हे दिसलेच आहे आणि सापाला ते टाळण्याचे साधन त्याहून कमी आहे. तथापि सीडर आणि भट्टीत वाळवलेला पाइन यांना एकाच पारड्यात घालणे योग्य नव्हे. भट्टीत वाळवल्याने पाइनमधील उडनशील द्रव्ये बरीच कमी होतात. म्हणून काही जाणकार तो मर्यादेने चालवून घेतात, सीडर मात्र कोणीही चालवून घेत नाही.

याच्या उलट दिशेचे एक उदाहरण भारतातले आहे. तामिळनाडूत महाबलीपुरमजवळ वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या सर्पग्राहकांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था विषसंकलन करते. तेथे साप मातीच्या मडक्यांत ठेवतात. आत वाळू असते आणि तोंडाला सुती कापड बांधलेले असते. काही आठवड्यांत विष काढून झाल्यावर साप पुन्हा रानात सोडले जातात. मातीचे मडके हवा आत घेते, अंधार देते आणि थंड राहते. ही व्यवस्था अल्पकालीन वास्तव्यासाठी आहे व त्या हेतूला ती शोभते. तीच वाळू काचेच्या पेटीत, खालून ऊब देऊन, वर्षानुवर्षे ठेवली तर परिणाम तोच होईल असे मानण्यास आधार नाही.

७. निष्कर्ष

यावरून निवडीचा क्रम असा मांडता येईल. प्रथम साप कोणत्या जातीचा आणि ती जात प्रत्यक्ष कशा बिळात वा आसऱ्यात राहते ते पाहावे. प्रदेशाच्या नावावर विसंबू नये. मग बाष्प, धूळ, ओलावा व गिळण्याचा धोका या चार कसोट्या द्रव्याला लावाव्यात. नवा किंवा आजारी साप असेल तर कागदापासूनच आरंभ करावा. तळथर बदलल्यावर पहिले काही आठवडे कात एकसंध निघते काय, नाकाशी बुडबुडे किंवा तोंडाशी लाळ दिसते काय, पोटाकडील खवले स्वच्छ आहेत काय, हे पाहत राहावे. तळथर हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात.

भाषांतरकारासाठी यातून निघणारा नियमही तितकाच व्यावहारिक आहे. लाकडाचे नाव देताना त्याचे शास्त्रीय नाव द्यावे, ते करवतीचे आहे की रंध्याचे, कच्चे आहे की भट्टीत वाळवलेले, हे सांगावे. आणि ज्या वृक्षाला मराठीत नाव नाही त्या 'अ‍ॅस्पेन'सारख्याला ओढूनताणून देशी नाव न देता तोच शब्द ठेवावा. दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती पिशवीवरच्या नावाखेरीज बहुधा दुसरा आधार नसतो, आणि त्या नावाची निवड चुकली तर तिचा परिणाम ते नाव वाचता न येणाऱ्या प्राण्याला भोगावा लागतो.